शब्दाशेजारची फरशी

नवीन पनवेलमधल्या ज्या शाळेत मी शिकवते, तिथे पहिलीचा वर्ग तळमजल्यावर, पाण्याच्या नळांशेजारी आहे. पहिलीच्या बाईकडे माया आणि संयम भरपूर लागतो असं सगळे म्हणतात. माझ्याकडे दोन्ही बेताचंच आहे. आवाज मोठा आहे आणि मुलांचे चेहरे लक्षात राहतात, तेवढ्यावर इतकी वर्षं निभावलं. मुलं मला घाबरतात असं पालक म्हणतात. मुलांचं म्हणणं वेगळं असावं, कारण मधल्या सुट्टीत ती डबे माझ्याच टेबलावर आणून उघडतात.

काही वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्हाला एका प्रशिक्षणाला धाडलं होतं. शिकवायला आलेली मुलगी माझ्या भाचीच्या वयाची. तिचं म्हणणं असं, की 'आहे', 'आणि', 'नाही', 'काय', 'पण' असले शब्द पानापानावर येतात, तर ते मुलाला अक्षरं न जुळवता, बघताक्षणी ओळखता आले पाहिजेत. माझ्या शेजारच्या बाई कुजबुजल्या, "हे इंग्रजीचं खूळ. आपलं मराठी लिहितो तसंच वाचतो, बाराखडी पाठ झाली की झालं." मी मान डोलावली, कारण त्यांनी माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती. पण मुलीचं बरोबर होतं. अक्षर अक्षर जुळवत वाक्याच्या टोकाला पोचणारं पोर दमून जातं आणि सुरुवात कुठून केली तेच विसरतं. शेजारची काकू समोर आली की आपण तिचं नाक, कान, कपाळ वेगवेगळं बघत नाही, थेट काकू म्हणून हाक मारतो. शब्दांचं तसंच व्हायला हवं. मी त्यांना ओळखीचे शब्द म्हणायला लागले.

हे शब्द नुसते फळ्यावर लिहून भागत नाही, असं ती मुलगी म्हणाली. डोळ्यांनी पाहायचे, कानांनी ऐकायचे, बोटांनी गिरवायचे, सगळ्या अंगानं करायचे. त्या साहित्याला तिनं 'बहुसंवेदी' म्हटलं तेव्हा मला हसू आलं होतं. शब्द जड होता, वस्तू मात्र स्वयंपाकघरातल्याच निघाल्या.

पहिल्यांदा मी ताटात रवा पसरला. त्यात बोटानं शब्द काढायचा, ताट हलवून पुसायचा, पुन्हा काढायचा. मुलं खूश, पण मुंग्या त्यांच्याहून खूश. शिवाय एकानं 'पाणी' लिहिता लिहिता निम्मा शब्द खाल्ला. मग मीठ आणलं. पनवेलच्या पावसाळी हवेत उघड्या ताटातल्या मिठाचं काय होतं हे मला माहीत असायला हवं होतं. आठवड्याभरात ताटात चिखल झाला. शेवटी बांधकामावरची वाळू आणून चाळली, धुतली, गच्चीत वाळवली, आणि ती टिकली. घरातली जुनी ताटं गेली ती गेलीच. घरचे म्हणाले, आता कुकरही घेऊन जा.

काचपेपरातून शब्द कापले, त्यावर बोट फिरवलं की खरखर लागते आणि आकार बोटात बसतो. कात्री मात्र बोथट झाली. पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून शब्द केले आणि ते कापडी पिशवीत टाकले. पिशवीत हात घालायचा, न बघता चाचपायचं आणि कोणता शब्द ते सांगायचं. हात लांब करून हवेत शब्द काढायचा, हे एक. आणि सगळ्यात आवडता प्रकार म्हणजे उडी. वर्गातल्या फरश्यांवर, एक फरशी सोडून एक, खडूनं शब्द लिहायचे. मी शब्द म्हणणार, मूल त्या शब्दावर उडी मारणार. चुकलं की भिंतीशी जाऊन बसायचं.

पहिल्या दिवशी एक मुलगा 'घर' या शब्दावर उभा राहिला, लगेच खाली वाकला, शब्दाला हात लावून तो हात कपाळाला नेला. वर्ग हसला. "बाई, पाय लागला तर पाप लागतं ना?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "खेळात चालतं. सरस्वती खेळाला रागवत नाही." बाईंनी सांगितलं म्हणजे झालं. पुढच्या उडीपासून सगळे बिनधास्त शब्दांवर नाचायला लागले आणि विषय संपला.

त्या वर्षी शाळा सुरू झाल्यावर दोन आठवड्यांनी एक बाई एका मुलीला घेऊन प्रवेशाला आल्या. बाई नवीन पनवेलच्या बाजारात मासळी विकायला बसायच्या. मी त्यांच्याकडूनच घ्यायचे, म्हणून तोंडओळख होती. मुलगी त्यांची भाची, भावाची मुलगी. भाऊ उरणकडचा, घराणं मासेमारीचं, पण तो स्वतः बंदरात कामाला. मुलीचं एक वर्ष गावच्या शाळेत गेलं होतं आणि त्यात तिला काही आलं नव्हतं. म्हणजे, काही येतं असं कोणाला कळलं नव्हतं. आजीचं मत पडलं, की पोरीला घरीच ठेवा, धाकटा भाऊ रांगायला लागलाय, त्याला सांभाळेल. नाव शाळेत राहील, पोर घरात राहील. अशी नावं मी पुष्कळ पाहिली आहेत.

आत्या त्याला आडवी गेली. नवरा गेलेला, पोटी मूल नाही, एका खोलीत एकटी राहणारी. तिनं भावाला सांगितलं, मी शिकवते हिला पनवेलला. भाऊ समजूतदार होता, पण त्याच्या घरात आईचा शब्द होता. त्यानं मधला मार्ग काढला.

"दिवालीपरयंत वाचाया लागली तर ऱ्हाऊ दे तुज्याकडं, बोलला," आत्यानं मला ऑफिसच्या दारातच सांगून टाकलं. "नाय लागली तर घेऊन जाईन. बाई, तुमी काय पन करा, पन तिला वाचाला शिकवा."

मी म्हटलं, "मी काय पण करत नाही. शिकवते. येईल तिला."

बोलून गेले. पहिल्या दिवशी सगळ्याच पालकांना असं म्हणते.

तेवढ्यात त्यांच्या हातातला कागद खाली पडला आणि त्यावर त्यांच्या पायाचा अंगठा टेकला. त्यांनी लगेच वाकून तो उचलला, कपाळाला लावला आणि मग मला दिला. मला गंमत वाटली. याच बाई रोज सकाळी वर्तमानपत्राच्या गठ्ठ्यातून पान ओढून त्यात बांगडे गुंडाळतात. मुख्यमंत्र्यांच्या फोटोवर कोळंबी ओततात. मी बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "मासली आमची लक्षुमी हाय. ती कागदात गुंडाललेली चालते. पाय नाय चालत."

मुलगी वर्गात आली आणि तिसऱ्या दिवशी गप्प झाली. तिसऱ्या दिवशी, कारण पहिले दोन दिवस ती बोलत होती. कोणीतरी तिला विचारलं, तुझ्याकडे खोडरबर आहे का. ती म्हणाली, "माज्याकरं नाय." सेक्टरातली मुलं, आईबाप ऑफिसात जाणारे, घरात निम्मं इंग्रजी. त्यांना हे फारच विनोदी वाटलं. दिवसभर 'नाय नाय' चाललं. मी दोघातिघांना उभं केलं, बाकीच्यांना दम भरला. त्यानं मुलांचं तोंड बंद झालं आणि तिचंही.

पुढचे महिने तिनं वर्गात शब्द काढला नाही. हट्टी नव्हती, रडकी नव्हती. सांगितलेलं सगळं करायची, फक्त तोंड उघडायची नाही. वाळूच्या ताटात शब्द काढायला सांगितला की फळ्याकडे बघून असा काढायची की मी तोच नमुना म्हणून दुसऱ्यांना दाखवायचे. पण बघून काढणं म्हणजे वाचणं नव्हे. पिशवीत हात घालायची, सुतळीवरून बोटं फिरवायची, आणि एकदम तिचा चेहरा खुलायचा. मी म्हणायचे, "कोणता?" चेहरा मिटायचा. शब्दांचे पत्ते पसरून 'आणि कुठे आहे, दाखव' म्हटलं तर ती पत्त्यांकडे बघायचीच नाही, माझ्या तोंडाकडे बघत बसायची. एकटीला जवळ घेतलं तर अजूनच. माझं तोंड मुळात रागीट आहे, मी काय करणार?

बाजारात गेले की आत्या लगेच काही विचारायची नाही. पावसाळ्यात होड्या बंद, तेव्हा तिच्याकडे सुकट, सोडे, सुके बोंबील. मी वजन बघत उभी, ती माझं तोंड बघत. मग सुट्टे पैसे देताना हळूच, "येतंय का काय?" मी म्हणायचे, "हात चांगला आहे तिचा." तिला कळायचं. ती मूठभर सुकट जास्तीची टाकायची, आणि मला ती काढून परत ठेवायला लावणं जमायचं नाही. मला त्या बाईची कणव यायची आणि कणव आली की माझं डोकं फिरतं. घरी येऊन कोणावर तरी ओरडायचे.

राहिला उडीचा खेळ. तो तिला मनापासून आवडायचा. नंबर लागला की ओढणीची गाठ मारावी तशी फ्रॉकची टोकं बांधायची, अनवाणी पाय घट्ट जुळवायची आणि मी शब्द म्हटला की झेप घ्यायची. वर्गात तिच्याइतकी लांब उडी कोणाची नव्हती. होडीतून धक्क्यावर उड्या मारणारी पोर ती. पण पडायची ती रिकाम्या फरशीवर. 'पाणी' म्हटलं, रिकामी फरशी. 'मी' म्हटलं, रिकामी फरशी. मुलं ओरडायची, "चुकली! बाई, ती चुकली!" ती भिंतीशी जाऊन बसायची. रुसायची नाही. जणू काही तिच्या बाजूनं खेळ नीट झालेला असायचा. इतक्या वेळांत एकदा चुकीच्या शब्दावर तरी पडावं की नाही माणसानं! ते मला खटकायचं. पण चाळीस मुलांच्या वर्गात खटकलेल्या गोष्टीचा विचार करायला मधली सुट्टी लागते, आणि मधल्या सुट्टीत डबे उघडायचे असतात.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या समुद्रात गेल्या, आत्याच्या पाटीत ताजे पापलेट दिसायला लागले. गणपती आले, गेले. दसऱ्याला पाटीपूजन झालं. पाटीवर एकाच्या आकड्यांची आणि रेघांची सरस्वती काढून मुलांनी झेंडूची फुलं वाहिली. त्या मुलीची सरस्वती वर्गात सगळ्यात सुबक. तिनं ती दिवसभर पुसू दिली नाही. मला आठवतंय, मी मनात म्हटलं, नुसती पूजा करून येत नसतं बाई.

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी तिचे वडील आले. सोबत आत्या, बाजारातून तशीच उठून आलेली. निम्मी मुलं आधीच गावी गेलेली. सकाळी उडीचा खेळ झाला होता, त्याचे शब्द अजून फरश्यांवर होते. वडील दाराशी चपला काढून उभे राहिले. उंच, शांत माणूस. "बाई, काय येतंय तिला ते बघून जातो," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, त्यामुळे मलाच घाम फुटला.

मी वाळूचं ताट पुढे केलं. तिनं फळ्यावरून 'पाणी' आणि 'आहे' सुरेख काढून दाखवलं. वडिलांनी बघितलं आणि म्हणाले, "बघून काढतेय. वाचते काय?" माणूस हुशार होता. मी पत्ते पसरले. ती माझ्या तोंडाकडे बघत बसली. आत्यानं दारातून हाक दिली, "बोल गो बाय, बोल." पोरीनं ओठ आणखीच मिटले.

मुलंच म्हणाली, "बाई, उडी! उडी घ्या!" त्यांना तिची उडी आवडायची. तिनं फ्रॉकची टोकं बांधली. मी म्हटलं, "घर." तिनं झेप घेतली. रिकामी फरशी. "आई." रिकामी फरशी. "आणि." रिकामी. मुलांनी या वेळी 'चुकली' म्हटलं नाही. काहीतरी चाललंय हे मुलांना मोठ्यांच्या आधी कळतं.

वडिलांनी मान हलवली. "ऱ्हाऊ द्या बाई. तुमी तुमचं केलंत. सगल्यांनाच येतं असं नाय." मग बहिणीकडे वळून म्हणाले, "दप्तर घे तिचं."

दप्तर खिडकीखाली, वर्गाच्या दुसऱ्या टोकाला होतं. पदर कमरेला खोचून आत्या वर्गात शिरली आणि खिडकीकडे निघाली. सरळ नाही गेली. एक पाऊल डावीकडे, एक लांब टांग पुढे, मग उजवीकडे, मग पुन्हा लांब टांग. रिकाम्या फरशीवरून रिकाम्या फरशीवर. एवढ्या शब्दांमधला एकही तिला वाचता येत नव्हता आणि एकावरही तिचा पाय पडला नाही. खिडकीपाशी वळताना टाच 'काय'च्या कडेला घासली, तशी ती वाकली, खडूला बोटं लावून कपाळाला लावली आणि दप्तर उचललं.

मी ते बघितलं, आणि मग मुलीच्या पायांकडे बघितलं. ती अजून शेवटच्या उडीनंतर जिथे पडली होती तिथेच उभी होती. पाय जुळलेले, बोटं पुढे. बोटांच्या अगदी समोर, नखभर अंतरावर, 'आणि'. सकाळपासूनच नव्हे, जूनपासूनच्या तिच्या उड्या मला आठवायला लागल्या. 'पाणी'च्या वेळी ती कुठे पडली होती? 'मी'च्या वेळी? मला खंत वगैरे वाटली नाही. चीड आली, ती नेमकी कोणावर ते ठरवता आलं नाही. प्रशिक्षणवाल्या मुलीवर, सरस्वतीवर, त्या खडूवर. शब्द कुठे आहे ते ठाऊक असल्याशिवाय तो इतक्या नेमकेपणानं चुकवता येत नाही, हे काही फार अवघड गणित नव्हतं.

"थांबा," मी म्हटलं. माझा आवाज मोठा आहे हे सांगितलंच आहे. वडील दारातच थांबले.

मी मुलीजवळ जाऊन खाली बसले. "पाय नको लावूस," म्हटलं. "हात ठेव. हात चालतो ना?"

तिनं मान हलवली. चालतो.

"घर."

ती उकिडवी सरकत गेली आणि 'घर'वर तळवा ठेवला. हलकेच, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा. "आई." तळवा. "काय." तळवा, तिथे तो आत्यानं घासलेला खडूही तिनं सारखा केला. "आणि, पाणी, इथे, पण." मी भराभर म्हणत गेले, ती भराभर सरकत गेली, तिच्या तळव्यांना खडू लागला. मुलं बाकांवर उभी राहिली. मी त्यांना बसा म्हटलं नाही.

वडिलांनी चपला काढलेल्याच होत्या, तरी ते पुन्हा पाय पुसून आत आले. तेही, बघते मी, रिकाम्या फरश्यांवरूनच आले. "मी इचारू?" त्यांनी विचारलं आणि स्वतः एक शब्द शोधून वाचला. "बघ." तिनं तळवा ठेवला. "ये." ठेवला. मग त्यांनी जरा थांबून, तिच्याकडे न बघता म्हटलं, "होडी."

होडी मी लिहिलीच नव्हती. मी तोंड उघडणार होते, पण त्यांनी हात वर केला. पोर या फरशीवरून त्या फरशीवर सरकली. प्रत्येक शब्दापाशी थांबली, बघितलं, पुढे गेली. शेवटच्या रांगेपर्यंत गेली. मग उभी राहिली, फ्रॉकला हात पुसले आणि वर्गात, सगळ्यांसमोर, चार महिन्यांत पहिल्यांदा बोलली.

"होडी नाय."

कोणी हसलं नाही. खरं म्हणजे एकजण हसला, पण आनंदानं, आणि त्याच्या शेजारच्यानं तरीही त्याला कोपर मारलं. मी 'बाकावरून खाली उतरा सगळे' असं ओरडले.

वडील बहिणीकडे बघत होते. ती दप्तर छातीशी धरून खिडकीपाशी उभी होती, द्यावं की ठेवावं हे न कळून. त्या माणसाला घरी जाऊन आईला काय सांगायचं याचा हिशोब चालला असावा. मग म्हणाले, "दिवालीला घेऊन ये तिला घरी."

आत्याचा चेहरा पडला.

"आनि भाऊबीज झाली की परत ने," ते म्हणाले. "आयेला मी सांगतो." चपला घातल्या आणि निघाले. आत्यानं दप्तर पुन्हा खिडकीखाली ठेवलं, मग लक्षात आलं की सुट्टी लागली आहे, म्हणून पुन्हा उचललं.

दिवाळीनंतर मी शब्द फरशीवरून काढून बाकांवर आणि भिंतीवर नेले. उडी मारायची आणि हातानं शब्दाला टपली मारायची. मुलांना फरक पडला नाही. त्या प्रशिक्षणवाल्या मुलीला कळवावं असं एकदा मनात आलं, पण पत्ता नव्हता, आणि असता तरी मी कळवलं नसतं. पोर हळूहळू वर्गात बोलायला लागली. फार नाही. 'नाय' म्हणते, मी दुरुस्त करत नाही. पुस्तकात 'नाही' असतं, ती ते एका नजरेत ओळखते आणि 'नाय' म्हणून वाचते. शब्द ओळखीचा झाला म्हणजे दुसरं काय असतं?

थंडी पडायला लागली तेव्हा एका रविवारी सकाळी बाजारात गेले. आत्याच्या पाटापुढे चारपाच गिऱ्हाइकं खोळंबली होती. पुढे एक बाई, हातात गाडीची किल्ली, सारखं घड्याळ बघत. आत्याच्या एका हातात निवडून धुतलेले बांगडे, पाणी निथळतंय, आणि पाटावर पसरलेलं वर्तमानपत्राचं पान. पानाशी पोर बसलेली. तिचं बोट ओळीवरून सरकत होतं आणि ती मोठ्यानं वाचत होती. पनवेलच्या कुठल्याशा भागात पाणी येणार नाही अशी बातमी. अवघड शब्दांशी ती अडायची, जुळवायची, आणि ओळखीचा आला की एकदम सुसाट. आत्या पानाकडे बघत नव्हती. तिच्या बोटाकडे बघत होती.

"अहो, बांधा ना लवकर," किल्लीवाली बाई म्हणाली.

"थांब गो," आत्या म्हणाली. "तिचं होऊ दे."

पोरीनं बातमी पुरी केली. "पानी येनार नाय," असा शेवट केला आणि वर बघितलं. किल्लीवाल्या बाईंनी पिशवी पुढे केली. आत्यानं ते पान उचललं, झटकलं, नीट चार घड्या घातल्या आणि मागे, कोरड्या जागी, डब्याखाली ठेवून दिलं. तिथे आधीच बरीच पानं होती. मग तिनं दुसरं पान ओढलं. पोरीनं लगेच त्यावर बोट ठेवलं.

"आता हे पण वाचणार?" किल्लीवाली बाई म्हणाली. "मग ते आधीचं का ठेवलंत? त्यातच बांधायचं ना."

आत्याला प्रश्नच कळला नाही असं तिच्या तोंडावर दिसलं.

"पोरीनं वाचलंय ते," ती म्हणाली. "त्यात मासली कशी बांधू?"

मी घरून डबा आणायला विसरले होते. पोरीचं वाचन चालूच होतं आणि गठ्ठ्यातली पानं एक एक करून डब्याखाली जात होती. माझा नंबर आला तेव्हा शेजारच्या भाजीवालीकडून आत्यानं केळीचं पान मागून घेतलं होतं. माझे बोंबील मला त्यात मिळाले.